पहिल्या नंबरची खूण

देशातल्या गाण्यांची क्रमवारी दर शुक्रवारी संध्याकाळी टीव्हीवर थेट दाखवली जायची. त्या वर्षी जानेवारीत वाहिनीनं ठरवलं, की ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी पडद्याच्या कोपऱ्यात खुणांच्या भाषेची दुभाषी उभी करायची. जी उभी राहिली तिला स्टुडिओत सगळे ताई म्हणायचे. खुणा ती लहानपणीच शिकली होती. थोरला भाऊ जन्मतःच बहिरा, आणि त्याच्याशी भांडायचं तर हात चालवण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

सुरुवातीला तिला भारी हुरूप होता. पण गाणं कानावर पडणं वेगळं आणि त्यातला शब्द न् शब्द हातांवर घेणं वेगळं. चाल, ठेका, झगमगाट सगळं गळून पडायचं आणि खाली नुसता गाळ उरायचा. जानेवारीत पहिल्या नंबरवर जे गाणं होतं त्यात एकूण नऊ शब्द, त्यातले चार गाडीच्या टायरबद्दल. मार्चच्या गाण्यात एक बाप्या प्रेयसीला चघळायच्या गोळीसारखा तोंडात घोळवत होता. मे महिन्यात एकानं स्वतःच्या आईच्या मरणावर गळा काढला आणि मधेच घड्याळाच्या कंपनीचं नाव घेतलं. ताईला शिसारी यायची. कार्यक्रम संपला की ती मेकअपच्या खोलीतल्या बेसिनवर कोपरापर्यंत हात धुवायची.

"ताई, चेहरा जरा हसरा ठेवा," निर्माता म्हणायचा. "एरंडेल प्यायल्यासारख्या दिसताय."

"या भाषेत चेहराही बोलतो. गाणं जसं, तसा चेहरा."

"मग गाणं आवडून घ्या ना."

जूनमध्ये ते गाणं आलं. गुळगुळीत आवाजाचा एक देखणा गायक धृपदात म्हणायचा, 'तुझं नको म्हणजे हो गं, हो गं, हो.' बाकी गाणंभर तो त्या मुलीच्या मागे मागे फिरत होता. शब्द वाचून ताईनं कागद उलटा ठेवला, पण काम ते काम. तिनं धृपदासाठी एक खूण बसवली. एक तळवा समोर उभा धरायचा, म्हणजे नको. मग दुसऱ्या हातानं त्याचंच मनगट पकडून छातीशी ओढायचं, म्हणजे हो. ठेक्यात अगदी चपखल बसली. निर्माता म्हणाला, "झकास." आणि खरं सांगायचं तर ताईलाही मनातून बरं वाटलं.

गाणं पहिल्या नंबरवरून हलेना. चार आठवडे झाले, सात झाले.

आठव्या आठवड्यात वहिनीला बरं नव्हतं, म्हणून भाचीला शाळेतून आणायला ताई गेली. भाची अकरा वर्षांची, बापासारखीच बहिरी, आणि शाळाही तशाच मुलांची. पटांगण भरलेलं होतं, पण आवाज फक्त पायांचा. पाण्याच्या नळापाशी तीन मुलगे भाचीला घेरून उभे होते. तिनं तळवा समोर धरला. एकानं तिचं मनगट पकडलं आणि छातीशी ओढलं. उरलेले दोघे ठेक्यात माना हलवत होते. तिनं पुन्हा तळवा धरला, त्यानं पुन्हा ओढलं. मुलं हसत होती. भाची हसत नव्हती.

ताईनं धावत जाऊन त्यांना पांगवलं. त्यातल्या एकानं तिला ओळखलं. तुम्हीच ना त्या टीव्हीवरच्या, असं हातांनी विचारून त्यानं कौतुकानं तीच खूण तिला करून दाखवली.

आजवर तिला गाण्यांची किळस आली होती, गायकांची आली होती. आता आली ती स्वतःच्या हातांची. या मुलांपर्यंत पोचायला त्या गाण्याला दुसरी वाटच नव्हती. वाट तिनं करून दिली होती.

त्या रात्री ताईनं थोरल्या भावाला, दादाला, पटांगणातला प्रकार सांगितला. तो फर्निचरच्या कारखान्यात पॉलिशचं काम करायचा. शुक्रवारी त्याची संध्याकाळची पाळी, त्यामुळे कार्यक्रम त्यानं कधी पाहिलाच नव्हता.

"ही घरात ते करते तेव्हा मला वाटलं, पोरींचा काही खेळ असेल," तो हातांनी म्हणाला. "गाण्यात आहे तरी काय?"

तिनं त्याला ओळ न् ओळ सांगितली.

"मालक मला वाळवी लागलेल्या लाकडावर पॉलिश मारायला लावतो," तो म्हणाला. "मी मारतो. तुला काय बोलू?"

पुढच्या शुक्रवारी ते गाणं सुरू झालं आणि ताईनं शब्द सोडून दिले. हातांनी ती म्हणाली, "हा माणूस एका मुलीच्या मागे लागलाय. ती नको म्हणतेय. नको म्हणजे नको. मी शिकवलेली खूण घाणेरडी आहे, कुणी करू नका." मग हात खाली घेऊन ती उरलेली तीन मिनिटं तशीच उभी राहिली. स्टुडिओत कुणालाच खुणा येत नव्हत्या. निर्मात्याला वाटलं, ही गाणं विसरली.

खरा प्रकार सोमवारी प्रेक्षकांच्या पत्रांतून कळला, आणि तिला काढून टाकलं. डिसेंबरात तेच गाणं वर्षातलं सर्वांत गाजलेलं ठरलं. कोपऱ्यात नवी दुभाषी होती, छान हसतमुख. तिनं ताईचीच खूण केली. ताईनं टीव्ही बंद केला. भाची शेजारी बसून गृहपाठ करत होती, तिनं मान वर केली नाही.

नव्या वर्षात ताईला सरकारी दवाखान्यात काम मिळालं. पहिल्याच दिवशी एक बहिरे आजोबा मूळव्याध घेऊन आले. रक्त, पू, बसताना काय होतं, उठताना काय होतं, ते सगळं हातांनी सविस्तर सांगत होते. तिकडे डॉक्टरांनी दोनदा नाक मुरडलं. ताई मात्र एकेक गोष्ट जशीच्या तशी त्यांच्या कानावर घालत होती.

"अजून काही सांगायचं राहिलंय का?" तिनं आजोबांना विचारलं.

ते जरासे लाजले, आणि मग त्यांनी तेही सांगितलं.