लसणावरचं पांघरूण

"कोंबड्या डालून ठेव तुझ्या, नाहीतर एकेकीची मान मुरगळीन," शेजारची म्हातारी कुंपणापलीकडून ओरडली. माझ्या कोंबड्यांनी तिच्या लसणाच्या वाफ्याचा एक कोपरा उकरला होता, पेंढा वाटेवर उधळला होता. मी कोंबड्या टोपलीखाली डालल्या. तिच्या तोंडाला कोण लागणार?

तो लसूण तिच्या माहेरचा. आई गेली, घर विकलं, एवढं बियाणंच काय ते उरलं. दरसाल राखायची, पुन्हा लावायची आणि थंडीनं कोंब जळू नयेत म्हणून वर वीतभर पेंढा घालायची. पण यंदा थंडी कुठली? भर हिवाळ्यात नुसती रिपरिप आणि घामट ऊब. भिंतींना बुरशी, कपड्यांना कुबट वास. गुलाबाला अवेळी कळ्या आल्या आणि झाडावरच कुजल्या. गोगलगायी तर चपलांत येऊन बसायच्या. सकाळी पाय घातला की शिसारी यायची.

"आत्या, पेंढा काढा. खाली हवा लागू दे," तिची सून म्हणायची.

"आणि थंडी पडली म्हणजे?"

"तुम्हाला पांघरूण घालायची खोडच. आधी लेकाच्या उनाडक्यांवर घातलंत, आता लसणावर."

म्हातारीनं वर आणखी एक भारा पसरला.

शेवटी वास रस्त्यापर्यंत आला तेव्हा तिनं पेंढा उचलला. मीही नाक धरून गेले. खाली काळा, बुळबुळीत राडा होता. त्यात गोगलगायी एकमेकींवर चढलेल्या, मधे त्यांच्या अंड्यांचे पुंजके. म्हातारीनं हात घातला, तर पाकळ्या बोटांतच फुटल्या. सुनेला ओकारी आली.

"माझ्या आईचं काही उरलं नाही गं," म्हातारी म्हणाली. तिला तसं रडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"त्या कोपऱ्यात बघा," सून तोंड पुसत म्हणाली.

कोंबड्यांनी उकरून उघड्या केलेल्या कोपऱ्यात लसणाची पात हिरवीगार उभी होती. तिथं एकही गोगलगाय नव्हती.

दुसऱ्या दिवशी म्हातारी कुंपणाशी आली.

"तुझ्या कोंबड्या दिसत नाहीत त्या?"

"डालल्यात. माना मुरगळणार होतात ना?"

तिनं चप्पल काढून आतली गोगलगाय झटकली.

"मुक्या जिवांना असं कोंडू नये," ती म्हणाली. "सोड त्यांना. आणि इकडंच हाक. उगाच लोकांच्या बागेत जायला नकोत."