खड्ड्याआधीचा हात

"पिक्चर मोठा पाहिजे तर हा घ्या साईं, आणि ठहराव पाहिजे तर तो," सिंधी दुकानदाराने दोन्ही कॅमेरे काचेवर शेजारी शेजारी ठेवले. "एका पैशात दोन्ही नाही भेटत."

उल्हासनगरच्या त्या चिंचोळ्या दुकानात बुद्धभूषण पाऊण तास उभा होता. कॅमेरे दिसायला एवढेसे, मुठीत मावतील असे. सायकलच्या हँडलला लावायचा, बटण दाबायचं आणि विसरून जायचं. रस्ता आपोआप टिपला जातो.

"ठहराव म्हणजे?"

"सायकल हलली तरी पिक्चर हलत नाही. ह्या मोठ्या पिक्चरवाल्यात ती सोय नाही. एक हात सोडला, हँडल डुललं, की पिक्चर नाचणार. दोन्ही हात घट्ट धरायचे, बस."

बुद्धभूषणने खिशातून मोबाइल काढला आणि एका तरुणाचा फोटो मोठा करून दाखवला. तरुणाच्या हेल्मेटवर कॅमेरा होता. "ह्याच्या कॅमेऱ्यापेक्षा तुमच्या ह्या मोठ्याचा पिक्चर मोठा ना?"

"ह्याच्यापेक्षा? डबल!"

"मग हाच द्या."

"वरी साईं, सायकल चालवता ना तुम्ही? ठहराव घ्या. मोठा पिक्चर काय चाटायचाय?"

पण बुद्धभूषणचं ठरलं होतं. खरं तर तो कॅमेरा निवडत नव्हताच. तो फोटोतल्या त्या जयदेवला मागे टाकत होता.

बुद्धभूषण बदलापुरात पाणीपुरवठ्याच्या कामावर व्हॉल्व्हमन. खांद्याला लांब लोखंडी चावी अडकवून तो बावीस वर्षं सायकलवर फिरला. ह्या गल्लीचा व्हॉल्व्ह उघड, त्या गल्लीचा बंद कर. नळाला पाणी आलं की लोक बादल्या लावतात. ते सोडलं कोणी, हा प्रश्न कुणाला पडत नाही. त्याचंही त्याला कधी काही वाटलं नव्हतं. रविवारी तो चावी घरी ठेवायचा आणि तीच सायकल घेऊन वांगणीच्या बाजूला भटकायचा. आड रस्ते, शेतांमधल्या वाटा, नदीकाठची वळणं सगळी त्याने एकट्याने हुडकली होती.

चार वर्षांपूर्वी जयदेव आला. घरची जमीन, जमिनीवर आता इमारती. त्यामुळे पोराला सायकलही अशी, की बुद्धभूषणने ती एका बोटावर उचलून पाहिली होती. "दादा, मना पन ने ना तुझ्याबरोबर," असं म्हणाला तेव्हा बुद्धभूषणला बरंच वाटलं. पाठोपाठ बँकेतला महेश आला. पुढे बुद्धभूषण, मागे जयदेव, शेवटी महेश अशी रांग ठरून गेली. पुढच्याचं एक काम असतं. खड्डा दिसला की ज्या बाजूला खड्डा, त्या बाजूचा हात मागे न्यायचा आणि बोटं खाली करायची. मागच्याला पुढच्याच्या पाठीपलीकडचं दिसत नसतं. त्याने फक्त हात बघायचा आणि वळायचं.

मग जयदेवने कॅमेरा घेतला आणि सगळं बिनसलं. दर रविवारचा व्हिडिओ, खाली हजारो लोकांची वाहवा. व्हिडिओत जयदेव स्वतःला 'जेडी' म्हणवायचा. 'जेडीने शोधलेला गुप्त रस्ता' हे एका व्हिडिओचं नाव वाचून तर बुद्धभूषणच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकाने खाली विचारलं होतं, पुढचे काका कोण? जयदेवने उत्तर दिलं होतं, 'आपला जीपीएस!' आणि पुढे हसणारी तोंडं. गेल्या महिन्यात वांगणीच्या टपरीवर दोन मुली धावत आल्या. "तुम्ही जेडी ना?" जयदेव लाजल्यासारखं करत केसांतून हात फिरवत उभा राहिला आणि त्यातल्या एकीने मोबाइल बुद्धभूषणच्या हातात दिला. "अंकल, एक फोटो काढा ना प्लीज." त्याने काढला. नीट काढला. पण त्या दिवसापासून त्याला जयदेवचं हसणंसुद्धा बघवत नव्हतं.

"काय आणलंत?" घरी खोका बघून बायकोने, अंजनाने विचारलं. ऐकून ती हसायलाच लागली. "अहो, त्या जयदेवच्या व्हिडिओत सगळीकडे तुम्हीच तर असता. मी बघते ना दर सोमवारी."

"माझी पाठ असते."

"असू दे की. तोंड मी रोज बघते."

एरवी तो हसला असता. त्या दिवशी तो स्क्रू आवळत बसला.

रविवारी सकाळी निघताना जयदेवने हँडलवरचा कॅमेरा पाहिला आणि मनापासून खूश झाला. "काय बोलतो दादा! जाम भारी पीस हाय. आता आपन दोघांचे व्हिडिओ जोडू. तुझा पुढचा, माझा मागचा."

म्हणजे माझं पण तुझ्याच खात्यावर का, असं बुद्धभूषणच्या मनात आलं. तोंडाने तो एवढंच म्हणाला, "बघू."

बदलापूर मागे पडलं. त्याने दोन्ही हात हँडलवर घट्ट ठेवले होते. पहिल्या दोन खड्ड्यांना हात दाखवला, पण मनातून चरफडत, कारण तेवढा भाग नाचरा येणार होता. मग उतार लागला. उताराच्या शेवटी ओढ्यावरची मोरी आणि मोरी संपताच डाव्या बाजूला तो खड्डा. दसऱ्यापासून तो तिथे होता आणि दसऱ्यापासून दर रविवारी बुद्धभूषणचा डावा हात तिथे खाली जात होता.

मोरी आली. डाव्या हाताचा अंगठा हँडलवरून सुटलासुद्धा. नेमकं तेव्हाच मागून जयदेव कॅमेऱ्याशी बोलताना ऐकू आला, "तर मित्रांनो, हा माझा आवडता उतार..."

माझा. बघ की मग एकदा स्वतःच्या डोळ्यांनी, बुद्धभूषणच्या मनात आलं. अंगठा परत हँडलवर टेकला. सायकल अलगद उजवीकडून निघून गेली.

मागे धाड्‌कन आवाज झाला, मग लोखंड घासत गेल्याचा, मग महेशची आरोळी.

जयदेवच्या गळपट्टीचं हाड मोडलं. हेल्मेट फुटलं, त्यावरच्या कॅमेऱ्याचे दोन तुकडे झाले. रिक्षात त्याचं डोकं बुद्धभूषणच्या मांडीवर होतं आणि तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, "माझंच चुकलं दादा. बोलत होतो. तू हात केला असशील, मी बघितला नसंल."

बुद्धभूषण त्याच्या कपाळावरची माती पुसत राहिला.

दुपारी घरी त्याने आपला व्हिडिओ लावला. चित्र खरोखर मोठं होतं, स्वच्छ होतं. पण त्यात एकही माणूस नव्हता. पुढे राहणाऱ्याच्या कॅमेऱ्यात कोण येणार? रिकामा रस्ता, उतार, मोरी. खड्डा लांबूनच दिसत होता, आतली खडीसुद्धा मोजता आली असती. हँडल शांतपणे उजवीकडे वळलं. चित्र तसूभरही हललं नाही. मग तो आवाज.

अंजना मागे उभी होती. "इथे तुम्ही हात दाखवता ना?" ती म्हणाली. "त्याच्या व्हिडिओत ह्या पुलावर दर वेळी दाखवता." तिने त्याच्याकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. तेच त्याला जास्त लागलं.

व्हिडिओ पुसायला एक बटण पुरलं असतं. दोन दिवस तो त्या बटणापाशी जाऊन परत येत होता. तिसऱ्या दिवशी कॅमेरा खिशात घालून तो जयदेवच्या घरी गेला. जयदेवच्या आईने, भागीरथीने, त्याला बघताच खुर्ची पुढे केली. "तुमी व्हतां म्हनून बरा झाला. नायतर माझा पोर रस्त्यावंच पडून रायला असता." त्याला ती खुर्ची नकोशी झाली.

ती चहा टाकायला आत गेल्यावर त्याने कॅमेरा जयदेवच्या चांगल्या हातात दिला. "बघ."

जयदेवने पाहिलं. मागे नेऊन पुन्हा पाहिलं.

"हात नाय केलास, दादा."

"नाही."

"पिक्चर हलतो म्हनून ना?" जयदेवच्या आवाजात विनवणी होती. हो म्हण, एवढंच तो मागत होता. हो म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं.

"नाही रे," बुद्धभूषण म्हणाला. "मुद्दाम. तुला मिळतं ते मला बघवत नव्हतं."

भागीरथी चहा घेऊन आली. तिघांनी तो पावसापाण्याच्या गोष्टी करत प्यायला. निघताना जयदेवने कॅमेरा परत दिला आणि खाली बघत म्हणाला, "मी रस्ता कधी बघतच नव्हतो दादा. तुझा हात बघायचो."

तीन महिन्यांनी जयदेव पुन्हा आला. बुद्धभूषणला वाटलं होतं, तो येणारच नाही. जुन्यासारखंच "काय दादा, निघायचं ना?" म्हणाला. नवा कॅमेरा त्याने घेतला नव्हता. बुद्धभूषणने आपला हँडलवरून काढून सीटखाली बसवला होता, तोंड मागे करून. म्हणाला, "आता तू दिसशील. हवं तर तुझ्या खात्यावर टाक." जयदेव हसला, आणि रांग पूर्वीसारखीच लागली.

दुपारी अंजना शेजारी येऊन बसली तेव्हा व्हिडिओ मोरीपर्यंत पोचला होता. "चेहरा छान आलाय हो जयदेवचा," ती म्हणाली.

चेहरा खरंच छान आला होता. डोळेसुद्धा नीट दिसत होते. चित्राच्या कडेने बुद्धभूषणचा हात खाली आला, बोटं खड्ड्याकडे वळली. जयदेवचे डोळे त्या हाताकडे वळलेच नाहीत. मान जरा वाकडी करून तो पाठीपलीकडचा रस्ता बघत होता.

पुढच्या खड्ड्यालाही हात खाली गेला होता, त्याच्या पुढच्यालाही. दर वेळी जयदेव आधीच वळलेला होता.