वजा केलेला एक अंश

मित्रांनो, मी एक जुना तापमापक आहे. तापट मात्र नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण उन्हाळा आला की सगळे माझ्याकडे असे बघतात, जणू ऊन मीच पाडतो. हातभर काचेची नळी, तळाशी पाऱ्याचा फुगा आणि अंगावर कोरलेल्या बारीक रेघा, एवढाच माझा संसार. ज्या कारागिराने मला घडवले, त्याने मला आधी वितळत्या बर्फात उभे केले आणि पारा जिथे थांबला तिथे शून्याची रेघ मारली. मग कोमट पाणी, मग गरम पाणी, असे करत एकेक रेघ पक्की केली. तेव्हापासून खोटे बोलणे मला जमतच नाही.

माझे घर म्हणजे पाणीपुरवठा केंद्राच्या आवारातली पांढरी लाकडी पेटी. तिच्या चारही बाजूंना झडपा आहेत. त्यांतून वारा आत येतो, ऊन येत नाही. शेजारी पर्जन्यमापक उभा असतो. तो बापडा वर्षातले आठ महिने तोंड उघडे टाकून आकाशाकडे बघत बसतो.

आमचे निरीक्षक दिवसातून तीनदा ठरल्या वेळी येत. इतके ठरल्या वेळी, की फाटकावरचा पहारेकरी त्यांना बघून आपले घड्याळ लावी. सगळे गाव त्यांना घड्याळकाका म्हणे. पेटीचे दार उघडताना ते श्वास रोखून धरत, कारण माणसाच्या श्वासानेही माझा पारा हलतो. डोळे अगदी माझ्या पातळीवर आणत आणि आधी दशांश वाचत, मग पूर्ण अंश. दशांश आधी का? तर माणूस जवळ आला की त्याच्या अंगाच्या उबेने दशांशच पहिल्यांदा बदलतो. तीस वर्षांत त्यांनी एकही वेळ चुकवली नाही. तपासणीला आलेले साहेब म्हणाले होते, "काका, तुमची नोंदवही म्हणजे दगडावरची रेघ." त्या दिवशी काकांनी माझी काच दोनदा पुसली. मलाही, खोटे कशाला बोलू, अंगावर मूठभर मांस चढल्यासारखे वाटले.

मग हळूहळू माझा पारा वर सरकू लागला. पूर्वी उन्हाळ्यात तीन-चार दिवस चाळिशी गाठणारा मी पंधरा-पंधरा दिवस तिथे मुक्काम ठोकू लागलो. कारणे माझ्या झडपांतून दिसतच होती. रस्ता रुंद करायला दोन्ही बाजूंची झाडे गेली. पलीकडे कारखान्याच्या एका धुरांड्याची तीन झाली. फाटकाबाहेर वाहनांची रांग दिवसभर धूर सोडत उभी असे. आणि हे काही एकट्या आमच्या गावात नव्हते. कोळसा नि तेल जाळून निघणारा वायू जगभर हवेत साठत होता आणि पृथ्वीची उष्णता गोधडीसारखी कोंडून ठेवत होता. शेजारच्या पर्जन्यमापकाचेही तंत्र बिघडले. महिनाभराचा पाऊस एका दुपारीच त्याच्या तोंडातून ओसंडून जाई आणि पुढे पाच आठवडे एक थेंब नाही.

काकांनी हे पाहिले, पण त्यांनी संशय घेतला तो माझ्यावर. त्याला कारणही होते. जुनी काच वर्षानुवर्षे किंचित आकसत जाते आणि तापमापक थोडा जास्त आकडा दाखवू लागतो, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत असते. त्याची खात्री करायला मला पुन्हा बर्फात बुडवायचे, एवढे सोपे काम. पण चाचणीत नापास झालेला तापमापक नियमाप्रमाणे भंगारात जातो. काकांना ते सोसवेना. त्यांनी चाचणी घेतलीच नाही. मला म्हाताऱ्याला सांभाळून घ्यायचे म्हणून ते मुकाट्याने प्रत्येक आकड्यातून एक अंश वजा करून लिहू लागले. अकरा वर्षे! इतक्या मायेने माझा अपमान दुसऱ्या कोणी केला नसेल.

पुढे काकांची नजर अधू झाली आणि त्यांची पुतणी निरीक्षक झाली. काकांनी तिला सगळे शिकवले आणि शेवटी हळूच सांगितले, "आकडा वाचायचा, एक वजा करायचा, मग लिहायचा. वय झालंय गं त्याचं." काकांचा शब्द तिने कधी खाली पडू दिला नव्हता. तिने तसेच लिहिले.

आता हे ऐका. गावात एक नियम होता. आमच्या केंद्राचा दुपारी बाराचा आकडा चाळीस किंवा त्याहून वर गेला, की उघड्यावरची कामे पाच वाजेपर्यंत बंद. पुतणीचा सख्खा भाऊ रस्त्यावर डांबर टाकणाऱ्या टोळीचा मुकादम होता. एके दिवशी मी चाळीस पूर्णांक सहा दाखवले. तिने एकोणचाळीस पूर्णांक सहा लिहिले. काम चालू राहिले आणि अडीच वाजता तिचा दादा तापल्या डांबराशेजारी कोसळला. चार दिवस तो दवाखान्यात शुद्धीवर नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती माझ्यासमोर उभी राहिली, पण तिने काही लिहिले नाही. काका मागून आले तेव्हा ती म्हणाली, "काका, याची बर्फात चाचणी घेऊ या."

"नापास झाला तर भंगारात जाईल तो."

"आणि पास झाला तर?"

काका कठड्याला धरून खाली बसले. मला तेव्हा त्यांची फार दया आली. मी नापास झालो असतो तर फक्त मी जाणार होतो; पास झालो तर त्यांची तीस वर्षांची अब्रू जाणार होती, आणि दादाच्या पडण्याचा वाटा त्यांच्या पदरात येणार होता.

तिसऱ्या दिवशी काका स्वतःच थर्मास भरून बर्फ घेऊन आले. त्यांनी तो कुटला, त्यावर थोडे पाणी ओतले आणि मला त्यात उभे केले. पारा झरझर उतरला आणि शून्याच्या रेघेवर येऊन बसला. केसभर वर असेल नसेल. एक अंश तर नाहीच नाही.

"खरं बोलत होता गं हा," काका म्हणाले, "आणि मी त्याचं तोंड दाबून धरलं." ते रडले, आणि त्यांनी ते लपवले नाही.

काका नोंदवह्यांचा गठ्ठा घेऊन बसले. केंद्राचे साहेब म्हणाले, "राहू द्या ना काका. जुन्या वह्या कोण उघडतंय आता? इथून पुढे नीट लिहू."

"साहेब, अकरा वर्षं गाव तापत होतं आणि माझ्या वहीत ते थंडच राहिलं. तिच्यावर विसंबून लोक उन्हात उभे राहिले. मीच चुकलोय, मीच दुरुस्त करणार."

पुतणी आकडे वाचून दाखवी आणि काका भिंगातून बघत, लाल शाईने प्रत्येक जुन्या आकड्याशेजारी खरा आकडा लिहून सही करत. या कामाला त्यांना सात आठवडे लागले. शेवटची सही झाली त्या दिवशी दादा काठी टेकत आला होता. काकांनी उठून त्याच्यापुढे हात जोडले. दादाने ते हात खाली केले आणि म्हणाला, "काका, त्या दिवशीचा आकडा मला तुमच्या तोंडून ऐकायचाय."

"चाळीस पूर्णांक सहा," काका म्हणाले.

दादाने मान हलवली आणि तो त्यांच्या शेजारी बसला. त्या लाल आकड्यांचा तक्ता गावसभेत लागला, तेव्हा कोणाला फार समजवावे लागले नाही. रस्त्याकडेला पुन्हा झाडे लागली आहेत, कारखान्याच्या तीनपैकी एक धुरांडे बंद झाले आहे. एवढ्याने भागणार नाही, हे मला माहीत आहे. पण माणसे खऱ्या आकड्यावरून कामाला लागली की थांबत नाहीत, हेही मी याच पेटीतून पाहिले आहे.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी आमच्यासारखे जुने लोक म्हणतात, आम्हाला सांभाळा. मी तसे म्हणणार नाही. काकांनी मला फार सांभाळले. फक्त माझे ऐकले नाही. तुम्ही ऐका. उंचावर बसण्याची मला मुळीच हौस नाही. कागदावर कितीही वजा करा, मी तसूभर हलणार नाही. हवा थंड करून दाखवा, मी आपणहून खाली येतो.