क्षमेच्या रविवारचं मौन

मठातल्या साधूने स्तोइलला इतकंच सांगितलं होतं, की कमी बोल आणि मनात नाम घे. स्तोइलने त्यातल्या 'कमी'चं 'अजिबात नाही' करून टाकलं. जानेवारीत तो काळ्या लोकरीची, गाठी मारलेली जपमाळ घेऊन घरी आला आणि त्या दिवसापासून तोंडाला कुलूप.

त्याच्या बायकोचं, वेलिकाचं, डोकं उठलं होतं. मौन म्हणे! सूप अळणी झालं की हा चमच्याने वाडगा बडवणार. लाकडं संपली की नुसता चुलीकडे बघत बसणार. डॉक्टरला त्याचं दुखणं सांगायचं तिने, वीजवाल्याशी भांडायचं तिने. "पुण्य त्याचं आणि घसा माझा," ती शेजारणीला म्हणायची.

आज ईस्टरपूर्वीच्या मोठ्या उपासाच्या आधीचा क्षमेचा रविवार. आज धाकट्याने मोठ्याच्या हाताचं चुंबन घेऊन क्षमा मागायची आणि मोठ्याने म्हणायचं, 'केली, देवही करो.' तोंडाने म्हणायचं, नुसती मान हलवून भागत नाही. आणि आज तीन वर्षांनी कामेन येणार होता, त्यांचा एकुलता एक मुलगा. बाप इस्पितळात मरणाच्या दारात असताना त्याने सगळी मेंढरं विकून टाकली होती. बरा होऊन आलेल्या स्तोइलने रिकामा मेंढवाडा पाहिला आणि पोराला घराबाहेर काढलं. उद्या कामेन कामासाठी स्पेनला निघायचा होता.

वेलिकाने सकाळीच नवऱ्याला बजावलं होतं, "आज तेवढं क्षमेचं बोल. मग ईस्टरपर्यंत खुशाल मुका राहा, मी हूं की चूं करणार नाही."

कामेन आला. टेबलावर चीज भरून भाजलेली बानित्सा वाफाळत होती. त्याने वाकून बापाचा हात ओठांना लावला. "बाबा, चुकलो. क्षमा करा."

स्तोइल खिडकीबाहेर बघत राहिला. बोटं गाठींवरून सरकत होती, ओठ घट्ट मिटलेले. वेलिकाने टेबलाखालून त्याच्या नडगीवर लाथ हाणली. तो कळवळला, पण बोलला नाही.

"कळलं," कामेन म्हणाला. त्याने टोपी घातली आणि दाराकडे वळला.

मग मात्र वेलिकाचा तोल सुटला. "अरे म्हाताऱ्या, ही साधना नव्हे, रुसवा आहे रुसवा! लग्नापासून बघतेय. तेव्हा नुसता रुसायचास, आता देवाला मध्ये घालून रुसतोस! पोरगं चाललंय, दगडा!"

स्तोइलने तोंड उघडलं. आधी नुसती घरघर आली.

"बोललो तर पहिली शिवीच येईल," तो म्हणाला. "इतके दिवस तीच गिळतोय. नाम घ्यायला जातो आणि तीच वर येते."

कामेनने टोपी काढली आणि तो परत येऊन बापापुढे गुडघ्यांवर बसला.

"मग द्या, बाबा. तीही माझीच आहे."

स्तोइलने दिली. 'लांडगे खावोत तुला'पासून सुरुवात करून त्याने पोराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, त्यात स्वतःलाही सोडलं नाही. वेलिका भराभर क्रूसाची खूण करत होती. बोलता बोलता म्हाताऱ्याचा आवाज फाटला.

"पांढऱ्या कानाची तरी ठेवायची होतीस रे. ती माझ्या हाकेला यायची."

"चुकलो, बाबा."

"केली," स्तोइल म्हणाला आणि लहान मुलासारखा रडू लागला. "देवही करो."