लोवीनाला हुकूम हवा होता

हेस्टर किंब्रेलच्या घराकडे जायला एकच रस्ता होता आणि तो दुसऱ्याच्या शेतातून जात होता. इंडियानाच्या त्या कोपऱ्यात यात कुणाला काही वावगं वाटत नसे. शेत श्लाबाखांचं, म्हणजे घोडागाडीतून फिरणाऱ्या आमिश मंडळींचं. रस्ता किंब्रेलांच्या रोजच्या वापरातला. मग ईनोस श्लाबाख वारला. त्याची बायको लोवीना शेत विकून ओहायोत लेकीकडे राहायला गेली आणि नव्या मालकाने फाटकाला कुलूप घातलं. तेव्हापासून हेस्टर मधाच्या पेट्या ढकलगाडीवर घालून ओढ्यातून नेत होती. थंडीत ओढा गोठला की घर सोडावं लागणार, हे तिला दिसत होतं.

हेस्टरने कोर्टात दावा लावला. वेड ओस्ट्रँडर या तिच्या वकिलाने तिला वहिवाटीचा कायदा समजावून सांगितला. वीस वर्षं रस्ता हक्काने वापरला असेल तर तो तुमचा. मालकाच्या परवानगीने वापरला असेल, तर शंभर वर्षं वापरलात तरी नाही.

"म्हणजे शेजाऱ्यांशी नीट वागलो असलो तर हरलो," हेस्टर म्हणाली.

"थोडक्यात, हो."

"आणि दांडगाई केली असली तर?"

"तर उत्तम."

हेस्टरने सासरची माणसं एकेक करून आठवून पाहिली. सगळी गोड. दर नाताळला त्यांच्याकडून श्लाबाखांना मधाची बरणी जायची. बरणीचं ऐकल्यावर वेडने हातातलं पेन खाली ठेवलं.

परवानगी होती की नव्हती, हे सांगणारी आता एकटी लोवीना उरली होती. तिचं पत्र आलं की जरूर या, केक करते. साक्षीदार आपण होऊन बोलावतोय म्हटल्यावर वेडला समन्सची गरज वाटली नाही. दोघं ओहायोत गेली. जबानी टिपून घ्यायला तिथलीच एक बाई बोलावली होती.

लोवीनाने सफरचंदाचा केक वाढला. मधमाश्यांची चौकशी केली, हेस्टरच्या गुडघ्याची केली. वेडने पहिला प्रश्न विचारला तेव्हा मात्र तिने हात मांडीवर ठेवले. आमच्यात आपल्या मनाने कोर्टकज्ज्यात पडत नाहीत, असं तिने सांगितलं. सरकारने बोलावलं तर गोष्ट वेगळी, तेव्हा नाही म्हणायचं नसतं.

"हुकूम आहे का, वेड?"

वेडच्या बॅगेत इंडियानाच्या कोर्टाचं समन्स होतं, असू द्यावं म्हणून आणलेलं. त्याने ते पुढे केलं.

"हे इथे चालतं?"

"नाही," तो म्हणाला. "राज्य ओलांडलं की नाही चालत."

"मग अजून केक घे," लोवीना म्हणाली.

वेड केक खाऊन परतला. नंतर त्याने तेच समन्स ओहायोतल्या त्या जिल्ह्याच्या कोर्टात कारकुनाकडे दिलं. कारकुनाने त्यावरून आपलं समन्स काढलं. मजकूर तोच, शिक्का ओहायोचा. शेरीफच्या माणसाने ते लोवीनाच्या हातात नेऊन दिलं. त्यालाही केक मिळाला.

जबानी पुन्हा लोवीनाच्या घरीच ठरली. नव्या मालकाचा वकील ओगिल्बी तिला घरबसल्या पडद्यावरून हजर राहणार होता. लोवीनाच्या घरात कॅमेरा चालत नाही हे कळल्यावर त्यालाही गाडी काढावी लागली. तो आला तोच वैतागलेला.

लोवीनाने शपथ घेतली नाही, आमिश लोक घेत नाहीत. खरं सांगेन, एवढंच म्हणाली. टिपून घेणाऱ्या बाईने तसं लिहिलं. त्या भागात तिला याची सवय होती.

किंब्रेलांनी कधी रस्त्याची परवानगी मागितली का, असं वेडने विचारलं. लोवीना म्हणाली, नाही. मग ओगिल्बी पुढे सरकला. दर नाताळला मध यायचा, तो रस्त्याच्या बदल्यात ना?

"नाही. रस्त्याचा आणि त्याचा संबंध नव्हता. मी नूडल्स पाठवायची. ते कशाच्या बदल्यात होते म्हणशील?"

ओगिल्बीने नूडल्स सोडून दिले. आवाज मऊ करून तो म्हणाला, "तुम्ही भली माणसं. शेजारी जातायत, जाऊ देत, असंच ना तुम्हा दोघांचं?"

हेस्टर टेबलावरच्या मेणकापडाकडे बघत राहिली. अशा प्रश्नाला भलं माणूस काय उत्तर देतं ते तिला ठाऊक होतं. तिने स्वतः तेच दिलं असतं.

"ईनोसला चालत नव्हतं," लोवीना म्हणाली. "त्याने रस्त्यावर ओंडका आडवा टाकला. हेस्टर, माफ कर, हुकूम आहे. तुझ्या सासऱ्याने तो ट्रॅक्टरला बांधला आणि ओढत नेऊन आमच्या कोबीत सोडला. ईनोसने पुन्हा आडवा टाकला. तुझ्या सासऱ्याने पुन्हा कोबीत नेला. मग आम्ही तो नाद सोडला. गाड्या जातच राहिल्या."

हे कधीचं, असं ओगिल्बीने विचारलं. लोवीनाने चुलीपाशी कॉफी करणाऱ्या लेकीकडे बोट दाखवलं. "ही पोटात होती तेव्हाचं." लेकीच्या कडेवर तिची स्वतःची नात होती.

ओगिल्बीने फाइल मिटली. वेड भराभर लिहीत होता आणि चेहरा गंभीर ठेवायची त्याची धडपड चालली होती. हेस्टरचे कान लाल झाले होते. घर वाचलं हे तिला कळत होतं, पण मान काही वर होईना.

वकील बाहेर गेल्यावर ती म्हणाली, "इतक्या वर्षांत तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत."

"तू विचारलं नाहीस. हुकूमही नव्हता."

"आणि तो मध?"

"कोबीबद्दल," लोवीना म्हणाली. "त्याच नाताळला तुझी सासू पहिल्यांदा बरणी घेऊन आली. कोबीचं नाव तिनेही काढलं नाही, मीही नाही. मग पुढे दर वर्षी कोण थांबवणार?"

जबानी वाचून नव्या मालकाने तडजोड केली, आणि ओढा गोठायच्या आत फाटक उघडलं. नाताळला हेस्टरने ओहायोला पार्सल केलं. त्यात मधाची बरणी होती, आणि कागदात गुंडाळलेला कोबीचा एक गड्डा. आत काय आहे, असं पोस्टातल्या बाईने विचारलं. हेस्टरने सांगितलं, मध आणि कोबी. बाईने शिक्का मारला.