कपाटाच्या पायांखालच्या वाट्या

मावशींच्या स्वयंपाकघरात लोणी जमिनीवर सांडलं तर उचलून सरळ पावाला लावावं, इतकी ती जमीन लख्ख! त्या घरी केक करून विकायच्या. साखर, लोणी, चॉकलेट यांनी भरलेलं एक भलंमोठं लोखंडी कपाट होतं आणि मुंग्या त्यावर कायम टपलेल्या. पण मावशींनी त्यांची खोड मोडली होती. कपाटाच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या! सात वर्षांत एक मुंगी वर चढली असेल तर शपथ.

डासांपुढे मात्र त्यांचं काही चालेना. भर दुपारी केकवर क्रीम फिरवत असावं आणि पोटरीला कडकडून चावा बसावा! मग मावशी पाय झटकत खिडकीतून समोर बघायच्या. समोर टायरभाऊंचं गॅरेज होतं. ऑइलने माखलेले हात, दारात जुन्या टायरांचा ढीग.

"सगळी पैदास तिथली!" त्या आपल्या मुलाला म्हणायच्या.

"आई, एकदा जाऊन बोल तरी त्यांच्याशी."

"काय बोलायचं? कोळसा उगाळावा तितका काळाच!"

आणि नेमकी त्याच आठवड्यात सूनबाई तापाने फणफणली. सातवा महिना चालू होता. अंग ठणकतंय, डोळे उघडवत नाहीत. डॉक्टरांनी रक्त घेतलं आणि म्हणाले, "रिपोर्ट उद्या दुपारी येईल. डेंगी निघाला तर लगेच दाखल करू. आई आणि बाळ, दोघांनाही धोका असतो."

मावशींची नजर खिडकीतून समोरच्या गॅरेजवर गेली. त्यांनी तडक आरोग्य खात्याला फोन लावला आणि गॅरेजची तक्रार केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तपासणीवाली ताई आली. हातात टॉर्च, खांद्याला पिशवी. ती आधी गॅरेजमध्ये गेली. मावशी खिडकीतून बघत होत्या. आता बरी खोड मोडेल, असं त्यांना वाटत होतं. दहा मिनिटांनी ताई रस्ता ओलांडून त्यांच्याच दारात आली.

"मावशी, टायर ठणठणीत कोरडे आहेत. प्रत्येकाला खालून भोकं पाडलीत, वर ताडपत्री आहे. आता तुमचं घर बघू का?"

"माझं घर? बघा की! दुर्बीण लावून बघा!"

ताईने पिंप पाहिलं, कुंड्यांखालच्या थाळ्या पाहिल्या, फ्रिजच्या मागचा ट्रे पाहिला. सगळं कोरडं. मावशींची मान ताठ झाली. मग ताई कपाटापाशी उकिडवी बसली आणि तिने वाटीत टॉर्चचा झोत टाकला.

"या, वाका जरा."

मावशी वाकल्या. पाणी इतकं नितळ की वाटीचा तळ दिसत होता. आणि त्या नितळ पाण्यात दोऱ्याच्या तुकड्यांएवढ्या अळ्या वळवळत होत्या! एक नाही, दोन नाही, पंचवीस-तीस!

"अगं बाई! पण मी रोज ताजं पाणी घालते हो!"

"घालता. पण आधीचं ओतून टाकता का?"

एवढं जड कपाट उचलणार कोण? पाणी आटलं की त्या वरून भर घालायच्या, बस्स.

"हा डास गटारात नाही वाढत, मावशी," ताई समजावू लागली. "त्याला असंच स्वच्छ, साठलेलं पाणी लागतं. चावतो तोही दिवसा. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आणि नुसतं पाणी ओतून भागत नाही बरं, अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात. आठवड्यातून एकदा भांडं घासून कोरडं करायला हवं. घरात कुणी आजारी आहे?"

मावशींनी आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. सूनबाई झोपली होती. मच्छरदाणी गुंडाळून ठेवलेली, कारण ती फक्त रात्री लावायची असते असा घरातला समज! मावशींनी पदर डोळ्यांना लावला.

"मी माझ्याच हातांनी डास पाळले हो! पोरीच्या उशाशी पाळले!"

"रडू नका. आधी वाट्या काढू," म्हणत ताईने खिडकीतून टायरभाऊंना हाक मारली.

टायरभाऊ गाडी उचलायचा जॅक घेऊन आले. उंबऱ्याशी पाय पुसले, मगच आत आले. एकेक करून त्यांनी कपाटाचे चारही पाय उचलले. ताईने वाट्या काढल्या आणि अंगणातल्या तापल्या फरशीवर पाणी ओतलं.

"आणि मुंग्या?" मावशींनी हळूच विचारलं.

"पायांना ग्रीस लावून देतो. मुंगी चढली तर गॅरेज बंद करीन," टायरभाऊ हसले.

मावशींना राहवेना. "भाऊ, तक्रार मी केली होती."

"ठाऊक आहे. तुमच्या जागी मीही केली असती." ते ग्रीस लावता लावता थांबले. "मागच्या वर्षी माझ्या पोरीला डेंगी झाला होता. नऊ दिवस दवाखान्यात होती. वाचली. तेव्हा माझे टायर पाण्याने भरलेले होते, मावशी. तेव्हापासून एकेका टायरला भोकं पाडतो."

मावशी काही बोलणार, एवढ्यात फोन वाजला. रिपोर्ट आणायला गेलेला मुलगा दवाखान्यातून ओरडतच होता, "आई, डेंगी नाही! साधा ताप आहे! डॉक्टर म्हणाले, बाळालाही धोका नाही!"

मावशींचा जीव भांड्यात पडला. त्या रडत रडत हसल्या आणि काल सजवलेला अख्खा केक त्यांनी टायरभाऊंच्या काळ्या हातांत ठेवला. "पोरीला द्या!" मग पहिलं काम केलं ते म्हणजे भर दिवसा सूनबाईच्या पलंगावर मच्छरदाणी बांधली.

आता दर रविवारी मावशी ब्रश घेऊन घरातलं पाण्याचं प्रत्येक भांडं घासतात. केकचा डबा देताना गिऱ्हाईकाला हटकून विचारतात, "कुंड्यांखाली पाणी नाही ना साठलं? अंगभर कपडे घालता ना पोरांना?" कुणी हसलं तर त्या चिडत नाहीत.

बंधुभगिनींनो, या खेपेला मावशी नशिबाने सुटल्या. दर खेपेला नशीब येईलच असं नाही! समोरच्या दाराकडे बोट दाखवण्याआधी आपण आपल्याच घरात एकदा वाकून पाहू या. स्वच्छ दिसतं तिथे जरा जास्तच.