गोर्लिट्झची येळवस

येळवशीच्या दिवशी लातूर कुणी बघितलंय का? बघणार कोण म्हणा, त्या दिवशी गावात कुणी नसतंच. मार्गशीर्षातली अमावस्या. बाकीचा महाराष्ट्र 'वेळ अमावस्या' असं पंचांगात वाचतो आणि पान उलटतो. आमच्याकडे मात्र सगळं शहर घराला कुलूप घालून शेतात जातं. ज्याला शेत नाही तो मित्राच्या शेतात, ज्याला मित्र नाही तो वाटेत लागेल त्या शेतात. कडब्याची कोप, म्हणजे बुटकी खोपी, उभी करायची, तिच्यात लक्ष्मी मांडायची, भज्जी, आंबील, उंडे, खीर असा बेत करायचा आणि बांधावरून जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारून जेवायला बसवायचं. ओळख असो नसो. वाटसरू तसाच उपाशी गेला तर ती कसली येळवस?

चाकूरजवळच्या आमच्या शेतात हाक मारायचं काम आईचं. कमलम्माची हाक तीन शेतं ओलांडून डांबरी रस्त्यावर जायची आणि एसटीतली माणसं खिडकीतून डोकी बाहेर काढायची. अप्पा म्हणायचे, "तुझ्या आईला भोंगा लागत न्हाई. भोंग्यालाच शिकवणी लावायची असंल तर हिच्याकडं लावावी."

तीन येळवशींमागे, ऐन सणाच्या दिवशी, अप्पा त्याच शेतात, कोपीपाशी बसल्या जागी गेले. मी तेव्हा जॉर्जिया देशात, तिबिलिसीच्या गल्ल्यांमध्ये कॅमेरा घेऊन फिरत होते. तो माझा धंदा आहे. परदेशातली शहरं बघायची आणि आपल्या लातूरच्या बोलीत लोकांना दाखवायची. लोक म्हणतात, मंजुश्री, तुझं काय बाई, मजा आहे. असेल. मी पोचले तोवर अप्पांच्या समाधीवर माती पडली होती. आम्ही लिंगायत, आमच्यात दहन नसतं, समाधी देतात.

त्या दिवशी काय झालं ते आईने मला कधी सांगितलं नाही. मी दोन-तीनदा विचारून पाहिलं, तर ती उठून भांडी घासायला गेली. पण तेव्हापासून तिने कुणालाही "जेवायला या" म्हटलं नाही. ताट करायची, समोर ठेवायची आणि आत निघून जायची. पाहुणा आला तर पाणी देऊन गप्प बसायची. पहिल्या वर्षी येळवशीला गेलो नाही, ते दुःखाचं वर्ष होतं. दुसऱ्या वर्षीही तिने पोतं-भांडं काही बाहेर काढलं नाही. आम्ही दोघी गच्चीवर बसून राहिलो. गंजगोलाईच्या बाजारापर्यंत रस्ता मोकळा, एक कुत्रं भर रस्त्यात आडवं झोपलेलं. सगळं लातूर जेवायला गेलेलं आणि आम्ही दोघी मागे. मला माझी आई परत पाहिजे होती. बाकी दुनिया बघून झाली होती माझी, आईवाचून त्या दुनियेला काही चव राहिली नव्हती.

म्हणून नांदेडच्या एका टूरवाल्या शेठने, शिवप्रसाद त्यांचं नाव, जर्मनीच्या व्हिडिओंचं काम दिलं तेव्हा मी एकच अट घातली. आई संगट येणार. शेठ म्हणाले, "आणा की ताई. आईसाहेब दिसल्या की आमचं म्हातारं गिऱ्हाईक बी वाढतंय. फक्त गर्दी दाखवा, गर्दी! मोकळे रस्ते बघायला नांदेडचा माणूस पैसे कशाला देईल?"

आई कशी तयार झाली देव जाणे. नाही म्हणायचाही तिला कंटाळा आला असावा. हैदराबादच्या विमानतळावर तपासणीवाल्या पोरीने तिच्या गळ्यातल्या लिंगाच्या चांदीच्या डबीकडे बोट दाखवलं. आई म्हणाली, "देव हाय माझा, बाई. तो माझ्याबरूबरच येतो." त्या पोरीने हात जोडले. संपलं. मी उगीच रात्रभर घाबरले होते.

जर्मनीच्या पूर्व टोकाला असलेल्या गोर्लिट्झला आम्ही रविवारी सकाळी उतरलो. मला दोन रात्रींची झोप नव्हती. जागी होते, पण स्वप्नात चालताना पाय जसे आपले वाटत नाहीत तसं झालं होतं. जून महिना, हवेत पांढरा कापूस तरंगत होता. कुठल्या झाडाचा ते कळेना. पिवळ्या, गुलाबी, फिक्या हिरव्या रंगाच्या जुन्या इमारती एकमेकींना खेटून उभ्या होत्या, आणि त्यांच्यामधून रिकामी ट्राम काहीही आवाज न करता सरकत होती. नदीवर एक पूल आणि पुलापलीकडे पोलंड. आमचं देगलूर ओलांडलं की तेलंगण लागतं, तसं. घंटा वाजली, विरून गेली. मग पुन्हा तो कापूस.

आणि माणूस एक नाही. दुकानं बंद, बाजार बंद. मी कपाळाला हात लावला. या गावासाठी आमच्याकडे हा एकच दिवस होता आणि शेठना गर्दी पाहिजे होती. मी त्या रिकाम्या चौकाला शिव्या घातल्या, मराठीतून, अगदी मोठ्याने. ऐकायला होतं कोण?

आई चौकाच्या मधोमध उभी राहून एकेक खिडकी बघत होती.

"मंजू, गावात माणूस न्हाई गं."

"रविवार हाय आज. इथं रविवारी दुकानं बंद ठिवत्यात."

"दुकानं ठिवतील. पण माणसं कुठं गेली? घरात कुणाची चाहूल न्हाई." तिने पुन्हा सगळ्या खिडक्यांवरून नजर फिरवली. "आज यांची येळवस दिसती."

मी हसले असते. पण अडीच वर्षांत तिच्या तोंडून तो शब्द पहिल्यांदाच आला होता. मी फक्त म्हणाले, "असंल."

तेवढ्यात एका गल्लीतून सायकलीवर एक कुटुंब गेलं. बापाच्या मागे टोपली, तिच्यावर फडकं बांधलेलं. आईने ते बघितलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू म्हणत होती, बघ, मी काय सांगत होते. मग ती त्यांच्या मागे निघाली. सत्तरीला आलेली बाई, इरकली नेसलेली, खांद्याला धपाट्यांच्या डब्याची पिशवी, आणि मागून कॅमेरा घेऊन मी. रेल्वेच्या पुलाखालून गेलो. पलीकडे गाव संपल्यासारखं झालं, आणि आई एकदम थांबली.

"कोपी," ती म्हणाली.

खरंच होत्या. हिरव्या कुंपणांनी वेढलेले जमिनीचे छोटे छोटे तुकडे, आणि प्रत्येक तुकड्यात लाकडाची एक बुटकी खोपी. वाटाण्याचे वेल, कांदे, गुलाब, चेरीची झाडं. शहरातल्या फ्लॅटमध्ये राहणारी माणसं इथे असा तुकडा भाड्याने घेतात आणि सुट्टीला येऊन राबतात, हे मी वाचलं होतं. पण वाचलेलं त्या क्षणी मला आठवायचं नव्हतं. प्रत्येक खोपीसमोर टेबल होतं, टेबलाभोवती माणसं होती आणि माणसं जेवत होती. सगळं गाव इथे होतं.

आईचा चेहरा उजळला. पदर सारखा करून ती पहिल्या कुंपणापाशी जाऊन उभी राहिली, हात पुढे बांधून, वाटसरूने उभं राहावं तशी.

"चल की पुढं," मी म्हणाले.

"थांब. बोलावतील."

आतल्या माणसांनी आमच्याकडे बघितलं. एका बाईने हसून हात केला, "हालो." आईने मान हलवली. ते पुन्हा जेवू लागले. आई उभीच. त्यांनी पुन्हा बघितलं, जरा गोंधळून. मग आपसात काहीतरी बोलले.

पुढच्या कुंपणापाशीही तसंच झालं. त्याच्याही पुढच्या कुंपणापाशी एका पोराने आमचा फोटो काढला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. अरे, बोलवा की तिला! टेबलावर एवढा केक पडलाय, खुर्ची रिकामी आहे, तुमचं काय जाणार आहे? माझी आई किती दिवसांनी कुणाच्या तरी दारात आनंदाने उभी राहिली आहे, आणि तुम्ही हात हलवताय? त्यांची काही चूक नव्हती, हे मला कळत होतं. कळून राग थोडाच जातो!

"आई, इथं अनोळखी माणसाला बोलवायची रीत न्हाई गं."

"असं कसं?" ती म्हणाली. "शिवारात आल्याला उपाशी कोण लावून देतंय?"

तिच्या चेहऱ्यावरचा उजेड गेला. गच्चीवर बसायची तोच चेहरा परत आला. मी तिला उगीच इतक्या लांब आणली, असं वाटून माझे डोळे भरून आले. आम्ही शेवटच्या कुंपणापर्यंत चालत गेलो. तिथे एक म्हातारा एकटाच झारीने टोमॅटोला पाणी घालत होता. त्याच्या टेबलावर काहीच नव्हतं. ना बशी, ना पेला.

आईने त्या रिकाम्या टेबलाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग वाटेकडेच्या गवतात खाली बसली, पिशवीतून डबा काढला, फडकं अंथरलं, त्यावर धपाटे आणि शेंगांची चटणी मांडली, आणि मान वर करून हाक मारली.

"या वोऽऽ! जेवाया याऽऽ!"

तीच हाक. चाकूरची. चेरीवरची पाखरं उडाली. सगळ्या कुंपणांवरून डोकी वर आली. म्हाताऱ्याने मागे वळून बघितलं, आपल्यामागे कुणी आहे का म्हणून. आईने हाताने त्यालाच खुणावलं. "तुम्हालाच म्हणते. या."

त्याने झारी खाली ठेवली, हात पँटला पुसले, एक बादली उचलली आणि बाहेर येऊन ती पालथी घालून तिच्यावर बसला. गुडघे दुखत असावेत. आईने त्याच्या हातावर धपाटं ठेवलं, वर चटणी. त्याने घास घेतला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी खात राहिला. मग आणखी एक. मी चार पावलांवर उभी राहून चित्रण करत होते. जागी आहे की झोपेत, मला खरोखर सांगता आलं नसतं. ऊन हिरवं होतं, कापूस पडतच होता, आणि आई बोलायला लागली.

"आमचे मालक गेले," ती त्याला म्हणाली, जणू तो शेजारच्या शेतातला. "येळवशीलाच गेले. त्या दिशी लई माणूस जेवून गेलं. मीच रस्त्यावरल्याला हाका मारत व्हते. हे कोपीपाशी बसलेले. दोनदा म्हणले, मंजूची आई, ये आता, संगट जेवू. मी म्हणलं, जेवा तुम्ही, मी मागून जेवते. ते जेवले न्हाईत. वाट बघत बसले. मी पंगत उठवून आले तर मान खाली." तिने फडक्याची सुरकुती नीट केली. "सगळ्या शिवाराला जेवू घातलं बाबा मी. अन् माझाच माणूस उपाशी गेला."

अडीच वर्षं जे तिने मला सांगितलं नव्हतं, ते तिने एक शब्द न समजणाऱ्या माणसाला सांगितलं. मी रडत होते आणि आवाज होऊ नये म्हणून ओठ चावत होते.

म्हातारा डब्याकडे बघत होता. त्याच्या लक्षात आलं असावं की मघापासून तो एकटाच खातोय. त्याने धपाट्याचा तुकडा मोडला, चटणीत बुडवला आणि आईच्या तोंडासमोर धरला.

"न्हाई न्हाई," आई मागे सरली. "जेवा तुम्ही. मी मागून जेवते."

तिचं तिलाच ऐकू आलं. म्हाताऱ्याला कुठलं मराठी कळायला? त्याचा हात तसाच पुढे होता, आणि तो खाली घेईना.

आईने त्याच्या हातातून तो घास घेतला आणि खाल्ला. सावकाश चावला. मग डोळे न पुसताच डबा गवतावर जरा पुढे सरकवला आणि माझ्याकडे बघितलं.

"तू बी ये, मंजू. संगटच जेवू."

मी कॅमेरा बंद करून गवतावर ठेवला आणि त्यांच्या पंगतीला जाऊन बसले.